स्टुलावरचे थर

खालचं ते आधीचं आणि वरचं ते नंतरचं, या एका वाक्यावर पृथ्वीचा सगळा इतिहास उभा आहे. हे वाक्य काढून घेतलं तर डोंगर नुसते उंचवटे होतील, समुद्र नुसतं पाणी होईल आणि काळाला बूड उरणार नाही. पाषाण हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला, खडू हवेत धरून उच्चारत आला होता, आणि या सिद्धान्ताला आजवर एकदाच आव्हान मिळालं होतं, तेही त्याच्या बायकोकडून, कपाटातल्या इस्त्रीच्या शर्टांवरून. "खालचे आधीचे कुठले?" ती म्हणाली होती. "तू रोज वरचाच शर्ट ओढतोस. तो धुऊन आला की पुन्हा वरच बसतो. खालचे कधीचे आहेत ते त्या शर्टांनासुद्धा आठवत नसेल." यावर पाषाणाने 'मानवी हस्तक्षेप' एवढाच शेरा मारून विषय मिटवला होता आणि वरचा शर्ट ओढला होता. पाषाण हे अर्थात त्याचं नाव नव्हे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव त्याच्या कानावर आलं तेव्हा तो मनातून सुखावला, कारण हा आपल्या विषयनिष्ठेचा गौरव आहे असं त्याला वाटलं. बायकोने तो गैरसमज दूर केला नाही. संसारात काही गैरसमज असे असतात की ते काढायला गेलं तर भिंतच खाली येते.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या छतावरची टाकी फुटली, पाणी विजेच्या तारांत शिरलं, आणि पाषाणाला दुपारीच घरी यावं लागलं. या वेळेला त्याने स्वतःचं घर कधी पाहिलंच नव्हतं. दाराशी क्षणभर तो पाहुण्यासारखा उभा राहिला. बाहेरच्या खोलीत तिरपं, पिवळं, पातळ ऊन आलं होतं. ते रोज येत असणार आणि आपल्याला कुणी काही बोललं नाही, असं त्याला उगीचच वाटलं. नमुन्यांची जड पिशवी घेऊन तो टेबलापाशी गेला. दगड टेबलावर ठेवायचे नाहीत असा घरात नियम होता, त्यामुळे ते तो टेबलावरच ठेवत असे. टेबलावर नेहमीसारखं काहीबाही पडलेलं होतं, ते बाजूला करून त्याने पिशवी टेकवली आणि "आलो" म्हणाला. हे तो रोज म्हणायचा, आणि घरात कुठून तरी, स्वयंपाकघरातून, गच्चीतून, कधी नुसत्या भिंतीतून आल्यासारखं, "हं" असं उत्तर यायचं. आज हं आला नाही. पाषाण थांबला. त्याने पुन्हा, जरा वेगळ्या सुरात, "आलो" म्हटलं. घराने ते ऐकून घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. मग त्याचं समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे त्यांच्या लग्नाचा फोटो असायचा. आता एक चौकोन होता. भिंतीचा मूळचा रंग त्या चौकोनात ताजा, ओला वाटावा इतका हिरवट होता आणि बाकीची भिंत भोवती म्हातारी झाली होती. चौकोनाच्या मधून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक भेग गेली होती.

भेग ज्याला कापते त्याच्यानंतरची असते, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. भेग रंगाला कापत होती, म्हणजे रंगानंतरची. फ्रेम भेग झाकायला लावली की भेग फ्रेमच्या आडोशाला पडली, एवढंच त्याला सांगता येईना. आणि पुरावा जिथे बोलायचा थांबतो तिथे पाषाणाला नेहमी जशी हुरहुर लागे तशी लागली. फक्त आज ती छातीत डाव्या बाजूला लागली. कारण थोड्याच दिवसांपूर्वी, जेवताना, ती अगदी सहज म्हणाली होती, "आपण दोघं एकाच घरात राहतो याला पुरावा काय?" आणि त्याने घास संपवून, पुराव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन प्रकार समजावून सांगितले होते. तिने सगळं ऐकून घेतलं होतं. मध्येच उठून त्याला पाणीही दिलं होतं. आता, या पिवळ्या उन्हात, त्याला तिचा तो ऐकतानाचा चेहरा दिसला. विद्यार्थी तास संपायच्या आधी वह्या पिशवीत भरतात तसा तो चेहरा होता.

खिडकीजवळच्या स्टुलावर एक चळत होती. सगळ्यात खाली घडी घातलेली करडी शाल. त्यावर पालथी पडलेली फ्रेम. त्यावर आजचा पेपर, शब्दकोड्याचं पान वर, आणि पानावर पेन्सिल. पाषाण गुडघ्यांवर बसला. कुठल्याही कड्यासमोर तो असाच बसे, अंतर ठेवून, हात मागे बांधून, आधी नुसतं बघत. फ्रेम त्याने बोटाने किंचित उचलली आणि आत पाहिलं. काचेआड काहीच नव्हतं. ती आणि तो, दोघंही, फ्रेममधून निघून गेले होते. पाषाणाने फ्रेम होती तशी खाली ठेवली, आणि मग त्याने ते केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. त्याने खालून वर वाचायला सुरुवात केली. शाल सगळ्यात खाली. ही शाल फक्त प्रवासाला जाताना निघते असा त्याचा समज होता. म्हणजे सगळ्यात आधी जायचं ठरलं. त्यावर फ्रेम, म्हणजे मग फोटो काढला, न्यायला किंवा फाडायला. त्यावर पेपर, म्हणजे मग ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने शब्दकोडं सोडवलं. घर सोडायचं ठरवून, लग्न भिंतीवरून उतरवून, त्यानंतर! वरची सगळी घरं भरलेली होती, अक्षरं नेहमीसारखी टपोरी, एकही खाडाखोड नाही. पाषाणाला रडारड समजली असती, आदळआपट समजली असती, दोन फुटक्या बशा तर त्याने आनंदाने वर्गीकृत केल्या असत्या. पण ही शांतता त्याला सोसेना. संथ पाण्यात गाळ बसतो तेव्हाच तो सगळ्यात बारीक, सगळ्यात सपाट बसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

फोन करावा हे त्याला बऱ्याच उशिरा सुचलं. साक्षीदाराला विचारणं हे इतिहासवाल्यांचं काम, दगडाला कुणी फोन करत नाही, अशी त्याची एक जुनी बढाई होती. ती गिळून त्याने नंबर लावला. स्टूल वाजायला लागलं. पाषाण दचकून मागे झाला. शालीच्या घडीत, अगदी तळाशी, तिचा फोन गुरगुरत होता आणि वरची पेन्सिल हळूहळू पेपरवरून घरंगळत चालली होती. गाभ्यात सापडलेला तुकडा हा भोवतालच्या खडकापेक्षा जुना, असं त्याचं मन आपोआप म्हणालं. म्हणजे शालीच्याही आधी फोन. म्हणजे सगळ्यात पहिलं, सगळ्यांच्या आधी, तिने ठरवलं की आपल्याशी आता कुणी बोलायचं नाही. फोन वाजायचा थांबला. पाषाण खुर्चीत येऊन बसला आणि त्याने मेहुणीला फोन लावला.

"भाऊजी? कोण गेलं?" मेहुणी म्हणाली.

"कुणी गेलं नाही. कोण कशाला जाईल?"

"तुमचा फोन आला की कुणीतरी गेलेलंच असतं. बरं, बोला."

"ती तुझ्याकडे आलीय का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. "नाही. काय केलंत?"

"मी काहीच केलेलं नाही!"

"तेच म्हणतेय मी."

"अगं, थट्टा नको. भिंतीवरचा फोटो काढून नेलाय. फोन इथेच आहे. शाल काढलीय."

"कुठली शाल?"

"प्रवासाची. करडी."

मेहुणीचा आवाज बदलला, खाली आला, आणि तो इतका बायकोसारखा वाटला की पाषाणाने फोन कानापासून लांब धरून एकदा पाहिला. "भाऊजी, ती आईची शाल आहे. आज आई गेली तो दिवस. दरवर्षी ताई या दिवशी एकटीच कुठेतरी जाऊन बसते, मलाही बरोबर घेत नाही. तुम्हाला माहीतच नाही?"

"या दिवसांत मी बाहेर असतो. विद्यार्थ्यांची सहल असते. डोंगरात. यंदा ती पुढे गेलीय."

"हो ना," मेहुणी म्हणाली. "तेव्हाही होतात." आणि तिने फोन ठेवला. तिचा फोन ठेवायचा आवाजसुद्धा पाषाणाला बरोबर वाटला.

आज तारीख कुठली हे पाहायला त्याने हात लांब करून स्टुलावरचा पेपर ओढला, उन्हात तिरपा धरला, आणि तारीख पाहायचीच राहिली. पानावर धूळ होती. बारीक, पांढुरकी, भिंतीच्या रंगाची पूड मिसळलेली धूळ, आणि ती सगळीकडे नव्हती. पानाच्या मधोमध एक लख्ख कोरा चौकोन होता आणि धूळ त्याच्या भोवती कडेने साठली होती. फ्रेमएवढा चौकोन. पाषाण त्याकडे बघत राहिला. ओल्या वाळूवर पडलेल्या पावसाच्या थेंबांचे खळगे पडतात ते वरच्या बाजूला. चिखल सुकून तडकतो तो वरून. कुठल्याही थराला आपलं तोंड कुठे होतं याची खूण राहते. फ्रेम या पानावर पालथी पडलेली होती, तिचं पाठचं झाकण इथे उघडलं गेलं होतं. म्हणजे पेपर आधी, फ्रेम नंतर. म्हणजे स्टुलावरची चळत उलटी होती. कुणी उलटली? घरात कुणी आलं होतं की काय, असा विचार करत त्याने टेबलाकडे पाहिलं, आणि टेबलावर दगडांची पिशवी ऐटीत बसली होती. जागा करायला म्हणून त्याने स्वतः, याच दोन हातांनी, टेबलावरची एकेक वस्तू उचलून स्टुलावर ठेवली होती: वरची शाल पहिली, म्हणून ती तळाशी, मग फ्रेम, मग पेपर. लग्नाची रिकामी फ्रेम हाताला लागली होती, पण हाताने ती बातमी डोक्याला कळवलीच नव्हती. डोंगर उलथायला पृथ्वीला युगं लागतात. त्याने ते काम पाणी प्यायच्या आधी उरकलं होतं, आणि मग त्याच डोंगरासमोर गुडघे टेकून त्याचा इतिहास वाचला होता. आधी वर कुठलं ते ठरवा, मग तोंड उघडा, असं तो ज्या पोरांना सांगत असे, त्यांतलं एकही इथे हजर नव्हतं एवढंच त्याचं नशीब.

त्याने सगळं मनात पुन्हा पालथं केलं. आधी शब्दकोडं. खालच्या ओळीत एक शब्द अर्धा होता, दोन अक्षरं भरलेली, पुढची घरं रिकामी. म्हणजे ती शब्दाच्या मधूनच उठली. मग फ्रेम. मग शाल, आणि शालीत फोन, सगळ्यात शेवटी. त्याच तीन वस्तू. मघाशी ती शांतपणे गेली होती, आता ताडकन उठून गेली. यातलं बरं कुठलं? पाषाणाला हसू आलं, आणि ते हसू तोंडापर्यंत न येता मध्येच कुठेतरी बसलं. आधी आणि नंतर, एवढंच तर त्याचं सगळं शास्त्र होतं. का, हे त्याने खडकाला कधी विचारलं नव्हतं, आणि खडकाला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

ऊन भिंतीवर चढत गेलं. खोलीत आता बोलणारं कुणी नसल्यामुळे शांतता गाळासारखी खाली बसत होती, टेबलावर, दगडांवर, त्याच्या मांडीवर, आणि पाषाण त्या गाळात अर्धवट डोळे मिटून बसला होता, एखाद्या जुन्या शिंपल्यासारखा, कुणीतरी फोडीपर्यंत आपल्याला काही काम नाही अशा भावनेने. त्याला तो उभा कडा दिसला. तेव्हा तो नवाकोरा शिक्षक होता आणि ती शेवटच्या वर्षाला. लाटांच्या वळ्या वाळूत उमटतात, वाळूचा दगड होतो, दगड उचलला जातो, आणि मग आडवा पडलेला किनारा माणसासमोर भिंत होऊन उभा राहतो. सगळी मुलं मापं घेत होती. ती कड्याला तळवा लावून उभी होती. "सर," ती म्हणाली होती, "कुणीतरी समुद्र वाळत घातलाय." त्याने तिला शेरा दिला होता, निरीक्षण चांगलं, भाषा अशास्त्रीय. त्यानंतर सर जाऊन अहो आलं, अहो जाऊन अरे आलं, आणि मग, कधी ते कळलं नाही, नुसतीच वाक्यं येऊ लागली, ज्यांना सुरुवातीला कुणीच नसे: दूध उतू जाईल, पत्र आलंय, दार लावून घे. सगळ्या थरांचा क्रम त्याला लख्ख आठवत होता. फक्त एका ठिकाणी काहीच नव्हतं.

ते ठिकाण त्याला माहीत होतं. बोगद्याच्या कामावर सल्लागार म्हणून तो बराच काळ बाहेर होता आणि त्या काळात सासूबाई त्यांच्या घरी, आतल्या खोलीत, येऊन राहिल्या होत्या आणि तिथेच गेल्या होत्या. तो निरोप मिळाल्यावर आला, उभ्या उभ्या राहिला, आणि पुन्हा गेला, कारण बोगद्यात पाणी लागलं होतं. काम संपवून परत आला तेव्हा घर जागच्या जागी होतं. भिंतींना हिरवट रंग दिलेला होता. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला गेला होता. "रंग बदललास वाटतं," तो म्हणाला होता, आणि ती "हं" म्हणाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचे थर बिनबोभाट साचू लागले होते. अशा जागेला त्याच्या शास्त्रात विसंगती म्हणतात. खाली एक खडक, वर एक खडक, मध्ये पेन्सिलीने ओढावी तशी रेघ. आणि नवीन पोरं हटकून तिथे फसतात, त्यांना वाटतं रेघच आहे, इथे काही घडलं नाही. तो त्यांच्यावर केवढा ओरडे. अरे, तिथेच तर सगळ्यात जास्त काळ आहे! अख्खे डोंगर उभे राहिले आणि झिजून गेले त्या रेघेत! सगळ्यात जाड काळ सगळ्यात बारीक रेघेत असतो! आणि मग तो घरी येऊन आलो म्हणे, आणि हं ऐके, आणि त्या हंवरून रोज पाय न अडखळता आत जाई. ती आतल्या खोलीत रात्री काय ऐकत होती, कुणाचा हात धरून बसली होती, शेवटी कुणी कुणाला काय सांगितलं, रंग हिरवाच का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आणि ती जर खरंच गेली असेल, तर तो थर आता कुठल्याच डोंगरात सापडणार नव्हता. पाषाणाने एवढंच ठरवलं की ती आली तर विचारायचं. आल्या आल्या. चहाच्या आधी.

कुलपात किल्ली फिरली. ती आत आली, हातात एक मोठं पाकीट, आणि खोलीत अंधुक उजेडात बसलेल्या आकृतीला पाहून दाराशीच थबकली.

"अगं बाई! तू? या वेळेला? कोण गेलं?"

"टाकी फुटली," पाषाण म्हणाला. "तू... कुठे गेली होतीस?"

"फोटोवाल्याकडे. त्याचं दुकान लवकर बंद होतं, कोडं सोडवताना एकदम आठवलं, मग काय, शाल न्यायची म्हणून काढली ती इथेच, फोनही त्यातच गुंडाळून इथेच." तिने पाकीट टेबलावर ठेवायला हात पुढे केला, दगड पाहिले आणि पाकीट छातीशीच धरलं. "आपल्या फोटोच्या मागे आईचा फोटो ठेवला होता मी. दोन्ही एकमेकांना चिकटलेत. सोडवून देतो म्हणाला, पण तुझ्या चेहऱ्याची खात्री देत नाही म्हणाला. म्हणून तसेच परत आणले."

"मला वाटलं, तू गेलीस."

"गेलेच होते की."

"तशी नाही. कायमची."

तिने चपला काढल्या, एक, मग दुसरी. "तसा विचार होता मागे एकदा," ती म्हणाली. "बॅग भरली होती. पण तू डोंगरात. सांगून जायचं तर कुणाला सांगणार? म्हटलं, येईल तेव्हा बघू. तू आलास तो गुडघा सुजवून. राहून गेलं."

आपल्या संसाराचा वरचा अख्खा थर एका सुजलेल्या गुडघ्यावर उभा आहे, हे ज्ञान पचवायला पाषाणाला वेळ लागणार होता. पण वेळ घेण्यातच आजवर सगळा वेळ गेला होता. "ऐक ना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज वर्गात कधीच येत नसे तसा आला. "आई इथे होत्या तेव्हा. मी नव्हतो तेव्हा. काय काय झालं होतं?"

बाहेर जिन्यात कुणीतरी चढून गेलं, वरचं दार वाजलं. तिने पाकिटाची कड नखाने सरळ केली.

"आत्ता विचारतोस?"

"हो."

"का?"

पाषाणाने तोंड उघडलं. क्रम त्याच्याकडे तयार होता, कारण नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "मला ते माहीतच नाही. म्हणून."

हे उत्तर तिने पुष्कळ वेळ तपासून पाहिलं. मग समोरची खुर्ची ओढून ती तिच्यात बसली, पाकीट मांडीवर ठेवलं, दोन्ही तळवे त्यावर ठेवले, आणि तिचा चेहरा हळूहळू उघडा पडत गेला.

"लांब आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"मध्ये बोलायचं नाही. शेरे मारायचे नाहीत."

"नाही मारणार."

"सांगते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. पण तू आधी जरा ऊठ बघू. माझा चष्मा आहे तुझ्याखाली, मघापासून काडी दिसतेय."